जंतू निर्ढावले, ठपका मात्र आईवर

(वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आपल्या शिबिरांमधून बाळंतपण, पाळी, अंगावरून पांढरं जाणं, गर्भनिरोधकं यांवर आपण पुष्कळ बोललो आहोत. जुलाबावर बोलायचं म्हटलं की मात्र काही जणींच्या चेहऱ्यावर दिसतं, यात काय बोलायचं? आणि 'औषधांना दाद न देणारे जंतू' म्हटलं की तो डॉक्टरांचा प्रांत. मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं वस्तीत काम करते. तरी हा विषय मी मागून घेतला. कारण या प्रश्नावर मोठी मंडळी जेव्हा जेव्हा बोलतात, तेव्हा शेवटी एक वाक्य हमखास येतं : लोक औषधाचा कोर्स पुरा करत नाहीत, त्यामुळे जंतू निर्ढावतात. आता घरात औषध आणतं कोण, पाजतं कोण, उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतं कोण? म्हणजे 'लोक' म्हणताना बोट कुणाकडे असतं ते आपल्याला कळतं.

हे वाक्य किती खरं आणि किती सोयीचं, ते आज पाहू या.

आधी जंतू निर्ढावतात म्हणजे काय होतं? पुष्कळ जणींना वाटतं की आपलं शरीर औषधाला सरावतं. तसं नाही. सरावतात ते जंतू. पोटात कोट्यवधी जंतू असतात. त्यांतल्या एखाद्यात आपोआप असा काही बदल झालेला असतो की औषध त्याला मारू शकत नाही. औषध घेतलं की बाकीचे मरतात, हा उरतो. जागा मोकळी, खायला भरपूर, मग त्याचीच प्रजा वाढते. यात त्या जंतूची हुशारी काही नाही. निवड आपण करून दिलेली असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पोटातले जंतू ही विद्या एकमेकांना देतात. आपण नाही का, शेजारणीला लोणच्याचं प्रमाण चिठ्ठीवर लिहून देत? तशी एक चिठ्ठी जंतूंमध्ये फिरते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. एकाच चिठ्ठीवर तीन-चार औषधांवरचे तोडगे असू शकतात. आणि ती चिठ्ठी एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतो. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू असतात, एरवी बहुतेक निरुपद्रवी. ते रक्ताची आव करणाऱ्या शिगेलाला ही चिठ्ठी देऊ शकतात, हे जपानमधल्या शास्त्रज्ञांनी १९५९ च्या सुमारास दाखवून दिलं. म्हणजे खोकल्यासाठी घेतलेलं अँटिबायोटिकसुद्धा पोटातल्या जंतूंची शाळा घेत असतं.

आता एका आजाराची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तो आपल्या घरांमधला आहे. टायफॉईड. आपल्या आज्या याला मुदतीचा ताप म्हणायच्या. एकवीस दिवसांची मुदत. ती पार पडली तर माणूस वाचला. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध टायफॉईडवर लागू पडतं असं दिसलं आणि ती मुदत संपली. पुढची वीस-पंचवीस वर्षं हे स्वस्त औषध पुरलं. १९७२ मध्ये मेक्सिकोत मोठी साथ आली, दहा हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, आणि हे औषध चालेना. त्याच वर्षी आपल्याकडे केरळात कोळिकोडलाही तसेच जंतू सापडले. १९९० च्या आसपास भारतभर असा टायफॉईड पसरला की क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमॉक्सॅझोल ही तिन्ही औषधं निकामी. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं. सर्दीला सिप्रो, खोकल्याला सिप्रो, जुलाबाला सिप्रो. आज आपल्या देशातले टायफॉईडचे बहुतेक सगळे जंतू त्यालाही पुरते दाद देत नाहीत. मग सेफ्ट्रायॅक्सोनची इंजेक्शनं, सेफिक्सीमच्या गोळ्या, अ‍ॅझिथ्रोमायसिन. प्रत्येक पायरीला औषध महाग होत गेलं, हे लक्षात ठेवा. जंतू निर्ढावला की श्रीमंताचं औषध बदलतं. गरिबाच्या घरात मंगळसूत्र गहाण पडतं.

२०१६ च्या नोव्हेंबरात पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, हैदराबाद शहरात, टायफॉईडची एक साथ सुरू झाली. मुलांचा ताप उतरेना. पहिली तीन औषधं चालत नव्हतीच, सिप्रो चालेना, सेफ्ट्रायॅक्सोनही चालेना. शास्त्रज्ञांनी त्या जंतूची तपासणी केली तेव्हा दिसलं की आधीच निर्ढावलेल्या टायफॉईडच्या जंतूला आणखी एक चिठ्ठी मिळाली होती, बहुधा ई. कोलायकडून. २०१८ च्या अखेरपर्यंत एकट्या सिंधमध्ये अशा टायफॉईडचे पाच हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. तोंडाने घ्यायचं एकच औषध उरलं, अ‍ॅझिथ्रोमायसिन. त्यापुढे मेरोपेनेमसारखी शिरेतून द्यायची, न परवडणारी इंजेक्शनं.

आता ऐका. कुठल्या घरांत रुग्ण आहेत त्याचा नकाशा तिथल्या डॉक्टरांनी काढला आणि शहरातल्या गटारांच्या नकाशावर ठेवला. रुग्ण गटारांच्या रेषांभोवती सापडले. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळत होता.

म्हणजे एखादी आई कोर्स पुरा करो की न करो, तिच्या मुलाला निर्ढावलेला जंतू मिळाला तो नळातून. तो दुसऱ्याच कुणाच्या पोटात निर्ढावला होता. या मुलाने त्याआधी आयुष्यात एकही गोळी घेतलेली नसेल. हा मुद्दा आपण नीट धरून ठेवायला हवा. पोटाचे आजार विष्ठेतून तोंडात जाणाऱ्या जंतूंचे असतात. पाणी आणि मैला वेगळे ठेवले तर निर्ढावलेला काय आणि साधा काय, कुठलाच जंतू घरात येत नाही. युरोप-अमेरिकेतल्या शहरांमध्ये टायफॉईड औषधांनी कमी झाला नाही. अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ मध्ये शहराच्या पाण्यात नियमित क्लोरीन घालायला सुरुवात केली, मग इतर शहरांनीही केली. पाणी गाळून, क्लोरीन घालून, भुयारी गटारं बांधून त्यांनी टायफॉईडचे बळी उतरणीला लावले, ते क्लोरॅम्फेनिकॉल येण्याच्या कितीतरी आधी. आपल्याला मात्र पाण्याच्या जागी गोळी दिली गेली.

आपल्या वस्तीत काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पाण्याची पाइपलाइन गटारातून किंवा गटाराच्या कडेने जाते. पाणी दिवसातून तासभर येतं. उरलेले तेवीस तास पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपाला जिथे चीर असेल तिथून बाहेरचं पाणी आत झिरपतं. त्यातच कुणी थेट नळाला मोटर लावली की ओढ बसते आणि गटाराचं पाणी अधिकच आत खेचलं जातं. म्हणून तर पहिलं पाणी गढूळ येतं आणि आपण ते सोडून देतो. रांगेतल्या शेवटच्या बाईला तेही सोडणं परवडत नाही, कारण तिचा नंबर येईपर्यंत पाणी जाणार असतं. पाणी उकळा म्हणून सांगणाऱ्यांनी रॉकेलचा किंवा गॅसचा हिशोब कधी केला आहे का? पाच माणसांचं पिण्याचं पाणी रोज उकळायचं, गार करायचं, झाकून ठेवायचं, तेही कामावर जाण्याआधी. हे काम कुणाच्या वाट्याला येतं, ते या खोलीत सांगायला नको.

२०१० च्या पावसाळ्याअखेरीस परदेशी संशोधकांनी दिल्लीत नळाच्या पाण्याचे ५० आणि रस्त्यात साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने घेतले. नळाच्या दोन आणि साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांमध्ये त्यांना एनडीएम-१ हा जनुक मिळाला. अगदी शेवटची राखीव औषधं निकामी करणारी ही चिठ्ठी. ती ज्या जंतूंकडे होती त्यांत पटकीचा जंतू होता आणि आवेचा शिगेलाही. २०११ मध्ये हे छापून आल्यावर गदारोळ झाला. कशावरून? त्या जनुकाच्या नावात 'नवी दिल्ली' घातलं म्हणून! देशाची बदनामी झाली म्हणून. नळात ते आलं कसं, यावर तेवढा आवाज उठला नाही.

आणि एक दुसरं हैदराबाद आहे, आपलं दख्खनचं. त्याच्याजवळ पतनचेरू इथे सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी एका केंद्रात शुद्ध करून सोडलं जात असे. स्वीडनच्या संशोधकांनी ते शुद्ध केलेलं पाणी तपासलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन! औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असतं त्यापेक्षा जास्त. त्यांच्या हिशोबाने दिवसाला सुमारे ४५ किलो सिप्रो पाण्यातून वाहून जात होतं. सखूबाईने दोन गोळ्या कमी घेतल्या म्हणून जंतू निर्ढावतात म्हणता, मग या ४५ किलोंचं काय? सरकारने जानेवारी २०२० मध्ये कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती असावं याच्या मर्यादांचा मसुदा काढला होता. २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा त्यात नव्हत्या. आईला शिस्त लावायला पोस्टरं पुष्कळ निघतात.

आता कोर्सकडे येते. वस्तीतली एक बाई, चार घरची धुणीभांडी करते. मुलाला जुलाब लागले. एक दिवस खाडा म्हणजे पगार कापला. डॉक्टरकडे गेली तर तो म्हणतो पाच दिवसांच्या गोळ्या, तीनशे रुपये. तिच्याकडे शंभर आहेत. ती दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या घेते. मूल बरं झालं. नाही झालं तर ती दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, तो इंजेक्शन देतो आणि कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या. नाव काय? 'तुला काय करायचंय नाव?' हे मी स्वतः शेजारी उभी राहून ऐकलं आहे. पुढे तिला सरकारी दवाखान्यात विचारतात, आधी काय औषध घेतलं? ती सांगू शकत नाही. मग तिथे ती 'अडाणी' ठरते.

खरं तर त्या मुलाला त्या गोळ्यांची गरजच नसण्याची शक्यता फार मोठी. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे किंवा आपोआप थांबणाऱ्या जंतूंमुळे होतात. विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शौचात रक्त पडत असेल, किंवा पटकीचा संशय असून मूल फार सुकलं असेल, अशा मोजक्या वेळीच अँटिबायोटिक द्यावं. बाकी जलसंजीवनी, दहा ते चौदा दिवस झिंक, आणि खाणंपिणं, अंगावरचं दूध चालू. आपल्या बाजारात मात्र ओफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेल्या गोळ्या जुलाबावर सर्रास दिल्या जातात. एक औषध जंतूवर, एक अमिबावर. दोन्ही असण्याची शक्यता कमी, पण नेम धरायची तसदी नको. हा कोर्स तिने अर्धवट सोडला याचा राग करायचा, की तो मुळात लिहून दिला याचा?

कोर्स पुरा करण्याबद्दल एवढंच सांगते की हा सल्ला सगळ्या आजारांना सरसकट लागू होतो का, यावर आता डॉक्टरांमध्येच वाद आहे. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या काही तज्ज्ञांनी लिहिलं की गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतल्यानेही जंतू निर्ढावतात. पण यावरून कुणी मनाने औषध बंद करू नका. टायफॉईडमध्ये तर मुळीच नाही. ताप उतरला तरी सांगितलेले सगळे दिवस औषध घ्यायचंच, नाहीतर तो उलटतो. क्षयाचंही तसंच.

टायफॉईडच्या निदानाबद्दलही सांगायला हवं. ताप आला की विडाल नावाची रक्ततपासणी करतात. ही १८९६ सालची पद्धत. पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल किंवा दुसराच ताप असेल तरी ती 'आहे' असं दाखवू शकते. एकदाच केलेल्या विडालवर भरवसा ठेवता येत नाही. खात्रीची तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर, आणि त्यासाठीचं रक्त अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यावं लागतं. कल्चरमध्ये कोणतं औषध चालेल तेही कळतं. ते महाग पडतं, आणि सोय सगळीकडे नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ही सोय का नाही, हा प्रश्न आपण विचारू शकतो. कुणी विचारला तर 'बाई, तुम्हाला यातलं काय कळतं' असं उत्तर येईल, त्याची तयारी ठेवा.

आपल्याला यातलं कळतं, याचा इतिहास आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांमध्ये भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. आधी शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, तिथे प्रमाण चारच्याही खाली आलं. पाजणाऱ्या आया, बहिणी, बायका होत्या. त्यांच्याकडे कुठली पदवी होती?

नंतर बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत बायकांना घरोघर पाठवलं. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून जास्त घरांमध्ये त्यांनी आयांना हे पाणी करायला शिकवलं. शिकवणारीचा मेहनताना कशावर ठरायचा माहीत आहे? नंतर तपासणीला गेल्यावर त्या आईला किती आठवतंय आणि तिने केलेलं पाणी बरोबर आहे का, यावर. सुरुवातीला असं दिसलं की आयांना कृती पाठ आहे, पण वापरत नाहीत. कारण शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना काही सांगितलेलंच नव्हतं. मग त्यांनी दोन्ही सुधारलं. हे मला फार मोलाचं वाटतं. आपणही स्वतःच्या मुलाला जुलाब झाले की आधी गोळी शोधतो का, ते बघा. घरचं पाणी करताना आपल्याकडे प्रमाण असं : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाट. मिळालं तर सरकारी पाकीटच वापरा. मूल निपचित पडलं, लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, पिणं सुटलं किंवा शौचात रक्त दिसलं तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

लशीबद्दल थोडं. टायफॉईडची नवी लस आपल्याच हैदराबादमध्ये तयार झाली आणि सिंधच्या हैदराबादमधल्या मुलांना टोचली गेली. सीमेवर काही का चालू असेना, लस गेली. नोव्हेंबर २०१९ पासून पाकिस्तानने ती मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात घेतली, असं करणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती फुकट दिली. नेपाळ आणि मलावीतल्या चाचण्यांमध्ये तिने सुमारे ८० टक्के संरक्षण दिलं. जी मुलं आजारी पडणार नाहीत त्यांना अँटिबायोटिक लागणार नाही, म्हणून निर्ढावण्याच्या प्रश्नावरही लस हे उत्तराचा एक भाग आहे. पण लस टोचली म्हणून पाण्याची पाइपलाइन तशीच ठेवायला कुणाला मोकळीक देऊ नका.

आणखी एक दिलासा देणारी गोष्ट. सगळे सिप्रोकडे वळल्यावर क्लोरॅम्फेनिकॉल आणि इतर जुन्या औषधांचा वापर खूप कमी झाला. पुढे आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी टायफॉईडचे जंतू त्या जुन्या औषधांना पुन्हा दाद देऊ लागलेले दिसले. वापराचा दाब कमी झाला की गोष्टी बदलू शकतात.

कायदे आहेत. १ मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्स 'एच-१' यादीत आहेत : चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, विक्रीची नोंदवही तीन वर्षं ठेवायची. २०१६ पासून 'लाल रेघे'ची मोहीम आहे. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध. मी याच्या बाजूची आहे, पण एक धोका दिसतो. जिथे डॉक्टर दहा किलोमीटरवर आहे तिथे नुसतं दुकानाला कुलूप लावलं तर खऱ्या टायफॉईडचं मूल औषधावाचून मरेल. बंदी मागताना दवाखानाही मागायला हवा. ऐंशीच्या दशकात ईपी गोळ्यांविरुद्ध महिला संघटना आणि आरोग्य गट लढले, कंपन्या कोर्टात गेल्या, जाहीर सुनावण्या झाल्या, आणि १९८८ मध्ये बंदी आली. तेव्हाही आपण फक्त 'बंद करा' म्हटलं नव्हतं. बाईला काय दिलं जातंय ते तिला सांगा, असं म्हटलं होतं. पुडीतल्या तीन रंगांच्या गोळ्यांना तीच मागणी लागू पडते : नाव लिहून द्या.

आता चहानंतर आपण गटांत बसणार आहोत. प्रत्येक गटाला आपापल्या वस्तीचा एक नकाशा काढायचा आहे. पाण्याची पाइपलाइन कुठून जाते, गटार कुठून, दोन्ही कुठे एकमेकांना ओलांडतात, नळाला पाणी कधी आणि किती वेळ येतं, मोटरी कुणाकडे आहेत. गेल्या पावसाळ्यात ज्या घरांत टायफॉईड, कावीळ किंवा जुलाब झाले त्या घरांवर लाल टिंब द्या. कागद आणि स्केचपेन मागच्या टेबलावर आहेत. पाणीखात्याच्या अभियंत्याची वेळ मागितलेली आहे. ती मिळाली की हेच नकाशे घेऊन जायचं आहे, तेव्हा घरांचे नंबर बरोबर लिहा.